एकच हँडल

नाक सवयीचं गुलाम, म्हणून दोसूनं
न्यायाधीश नेमलं फिफामेला. वय सात.
शाळेतून आल्यावर दप्तरासकट मागच्या सीटवर बसायचं,
डोळे मिटायचे, दहा मोजायचे,
आणि सांगायचं: आहे की नाही.

आहे.

गाडी माझ्या भावाची, जुनी प्युजो.
विन्यों तीन वर्षं तिच्यातून सीमेपलीकडचं पेट्रोल आणायचा,
सीटा काढून, छतापर्यंत कॅन रचून.
मागचा भाग इतका बसायचा
की पुढची चाकं रस्त्याची नुसती चौकशी करत चालायची.
एकदा सेमेच्या वळणावर एक कॅन कलंडला.
गाडी त्यानं आम्हाला स्वस्तात दिली.
मला वाटलं, बहीण म्हणून.

दोसूला टॅक्सी चालवायची होती.
पहिल्याच दिवशी लेसच्या पोशाखातली एक बाई
लग्नाला निघालेली, अर्ध्या वाटेत उतरली.
पैसेही दिले नाहीत. म्हणाली,
वऱ्हाडात लोक मला कंदील समजतील.

मग सुरू झालं.
धुण्याची पावडर. व्हिनेगर. एक टोपलीभर कोळसा
रात्रभर सीटखाली, देवाला ठेवावा तसा.
लिंबं, दोन डझन. कॉफी कुणी सांगितली आठवत नाही;
तीन दिवस गाडीला
कॉफी प्यायलेल्या पेट्रोलचा वास येत होता.
सीटा अंगणात उन्हाला टाकल्या,
गल्लीतली पोरं त्यांच्यावर बसून फुकट कोतोनूला जाऊन आली,
आणि एका कोंबडीनं ड्रायव्हरच्या सीटवर अंडं घातलं.
ते आम्ही खाल्लं.
दोसूनं फिफामेला बिस्किट देऊन पाहिलं.
आहे, ती म्हणाली. पण बिस्किट छान आहे.

शेवटी मेकॅनिकच्या हाताखालचा पोरगा
जादा चाकाच्या खळग्यात डोकं घालून ओरडला.
तिथे खाली जाड नमद्याचा तुकडा, तळहाताएवढा,
अजून ओला. तीन पावसाळ्यांनंतरही ओला.
खळगा घासला, राख टाकली, पुन्हा घासला,
चारी दारं उघडी ठेवून गाडी आठवडाभर
जांभई देत उभी.

फिफामेनं दहा मोजले. मग, स्वतःहून, वीस.
नाही.
दोसू अंगणात नाचला. मीही हसले,
पण लांबून.

माझं टेबल चर्चच्या भिंतीपाशी आहे.
त्यावर बाटल्या, लिटरच्या, अर्ध्याच्या,
उन्हात मधासारख्या दिसतात.
फनेल, गाळायला जुन्या ओढणीची चिंधी.
मोटारसायकली थांबतात, मी ओतते, सुट्टे देते.
घर यावर चालतं. प्युजोही यावरच आली.
त्या लेसवाल्या बाईचा नवरा माझं गिऱ्हाईक आहे,
दर शुक्रवारी पाच लिटर, थोडं उधार.

रविवारी दोसू म्हणाला, चल, आईकडे जाऊ, आपल्या गाडीतून.
मी दोनदा आंघोळ केली. नखांत लिंबू पिळलं, झोंबलं.
पेटीतला निळा पोशाख काढला,
जो टेबलापाशी कधीच नेला नव्हता.
मागच्या सीटवर बसले, हात मांडीवर, मुठी मिटून.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी फिफामेनं डोळे मिटले.
ओठ हलू लागले.
एक. दोन. तीन. चार.
थांबली. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं,
मग तिच्या बाबाच्या मानेकडे.
दहा, ती म्हणाली. नाही.

चारानंतर दहा येत नाहीत हे तिला येतं.
दोसूलाही येतं.
तो काही बोलला नाही. गाडी सुरू केली,
डॅशबोर्डचा कप्पा उघडला.
काच खाली करायचं हँडल आमच्याकडे एकच आहे, चार दारांना मिळून.
मागे न वळता त्यानं ते
खांद्यावरून माझ्याकडे दिलं.

मी लावलं, फिरवलं. काच अर्ध्यावर अडकते, नेहमीचंच.
हात बाहेर काढून बसले.
पोर्तो-नोव्होपर्यंत वारा बोटांतून जात होता.
फिफामे झोपली,
नाक माझ्या दंडात खुपसून.