फलनिष्पत्ती

अर्जातला सातवा रकाना: फलनिष्पत्ती.
लीसल गॉट्वाल्ड त्यात लिहिते, पाने.
मग खोडते.

जून महिना. मरे नदीवर धुकं उभं,
वेली नागव्या, तारेला हात बांधलेल्या.
तीस तारखेला प्रकल्प संपतो, तिचा पगार संपतो,
माझाही. मी इथे बाटल्या धुते,
रस गाळते, आम्लता मोजते,
म्हणजे मोजली असती, रस असता तर.

वेल चौथ्या वर्षी धरते.
समितीला हे माहीत आहे, समितीतल्या निम्म्यांच्या
नखांत अजून बागेची माती असते.
तरी अनुदान तीन वर्षांचं.

फेब्रुवारीत थनासिस कूर्लिस आला होता,
पिकअपमधून, कुत्र्यासकट.
बत्तीस वर्षं टनामागे पट्टी भरतोय, म्हणाला,
दाखवा, माझे पैसे कुठे उगवलेत.

आम्ही दाखवली ओळ.
चार हजार रोपांतली अकरा उरलेली,
बाकीची आम्हीच उपटली, हाताने,
जी आजारी पडली ती, आणि जी नुसतीच मठ्ठ होती ती.
शेजारच्या ओळीवर भुरी,
पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी.
चौदाशे सात नंबरच्या पानावर त्याने अंगठा फिरवला,
उन्हात धरला.
अंगठा स्वच्छ.
फवारणी किती? एकही नाही.
तो कुत्र्याकडे बघत राहिला जरा वेळ.

आणि वाइन कशी लागते?
अजून घडच नाही, लीसल म्हणाली.
म्हणजे मी पानांचे पैसे भरले.
हसला, पण हसण्यात फट होती.
माझ्या आईला माहीत होतं पानांचं काय करायचं,
भात भरायची, गुंडाळायची, वर लिंबू.
जाताना त्याने खरंच दहा-बारा पानं तोडून नेली.
आम्ही वहीत नोंद केली: नमुना, बाहेर दिला.

जुलैत पत्र आलं. खेदाने कळवतो.
त्यांचंही खोटं नव्हतं.
गावोगावच्या टाक्यांत गेल्या सालची तांबडी पडून,
तोडणीची मजुरी निघेना इतका भाव,
अशात अकरा वेलींच्या अंगठ्यासाठी
कोण हात वर करणार?
पैसे गेले धुराच्या यंत्राकडे,
वणवा लागला तर कुठल्या मळ्याची वाइन राखेची लागेल
ते आधी सांगणारं.
वणवा दर साली लागतो.
यंत्राला चौथं वर्ष लागत नाही.

रविवारी आम्ही दोघी छाटणी करायचो.
कात्री स्वतःची, डबा स्वतःचा,
केंद्राच्या फाटकाची चावी
कुणी परत मागितली नाही, आम्हीही आठवण करून दिली नाही.
दोन डोळे ठेवायचे, वरचं कापायचं,
कापल्या जागी वेल रडते सप्टेंबरात,
थेंब थेंब, स्वच्छ पाणी,
तेही लीसलने चाटून बघितलं.

जाळीला पैसे नव्हते. म्हणून कोल्हा आला.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही जुनी बदनामी.
आमच्याकडचा कोल्हा साखर तेवीसवर गेल्याशिवाय
तोंड लावत नाही, हवं तर मोजून बघा.
दहा वेलींना त्याने हुंगून सोडलं.
चौदाशे सात बुंध्यापासून साफ केली,
पोचेल तिथवर, मागच्या पायांवर उभा राहून
पोचेल तिथवर.
वर दोन घड राहिले.
लीसल मातीत बसून पंजांचे ठसे मोजत होती
आणि हसत होती, डोळे पुसत.

दोन घड. माझ्या स्वयंपाकघरात, मलमलीतून,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
ऑगस्टमध्ये थनासिसला चमचाभर दिली.
त्याने बराच वेळ गाल हलवले.
पातळ आहे, म्हणाला.
मग खिडकीकडे वळून, अजून आहे?

नवा अर्ज टेबलावर, नवं वर्ष, नवी समिती,
रकाना मात्र सातवाच.
लीसल लिहिते: एकशे नव्वद मिलिलिटर.
त्याच्याखाली: एक कोल्हा.
हे असं चालणार नाही, मी म्हणते.
ती पेन दातांत धरून बसते.

थनासिस उठतो, रिकामी बाटली खिशात घालतो,
धुऊन आणतो म्हणतो,
पुढच्या साली लागेल.