झाडण

लातूरच्या अडतीत पोटलीचा सौदा फुटायच्या आधी
परखी फिरते.
लोखंडी, पोकळ, टोकाला तासलेली.
प्रत्येक कट्ट्याच्या पोटात एकदा शिरते
आणि मूठभर तूर घेऊन बाहेर येते.
भोक तसंच राहतं.

माझी माय त्या भोकाखाली उभी राहायची.

उभी म्हणजे वाकलेली.
एका हातात शिंदीचा फडा, दुसऱ्यात पत्र्याचं सूप.
खाजाभाईनं आकडा मारून कट्टा पाठीवर घेतला
की त्याच्या मागं दाण्यांची एक रेघ पडायची,
काट्यापासून ट्रकच्या फाळक्यापर्यंत.
सोजरबाई ती रेघ पुसत जायची.
चार सुपं काबराशेठची, पाचवं तिचं.
हा करार कुठंही लिहिलेला नव्हता
आणि कधी मोडला नाही.

पाचव्या सुपात सगळंच यायचं.
औशाची लाल, उदगीरची पांढरी,
सुतळीचे तुकडे, बिडीचं थोटूक, एक बटन,
हंगाम चुकून आलेला एखादा हरभरा.
दारात बसून ती पाखडायची,
भिजवायची, वाळवायची, जात्यावर भरडायची,
आणि रात्री पातेल्यात पळी फिरवत सांगायची,
"ही रेणापूरकडची हाय बघ. गळंना झाली.
तिकडलं पाणीच जड."
चार तालुके एका चुलीवर
आपापल्या वेळेनं शिजायचे.
आम्ही भुकेले, आम्ही थांबायचो नाही.
वरण असंच असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं:
कुठं लोणी, कुठं दाताखाली कट्.

आता मी एमआयडीसीच्या रस्त्यावर
वजनकाट्याच्या केबिनीत बसते.
गाडी भरलेली येते, गाडी रिकामी येते,
मधला फरक छापून देते.
समोरच्या मिलमध्ये तुरीला तेल चोळतात, पाणी मारतात,
गच्चीवर वाळत घालतात, मग फोडतात.
शेवटी ते कॅमेऱ्याचं यंत्र,
एकेक दाणा बघतं,
काळा दिसला की फुंकर मारून बाजूला काढतं.
मायचे डोळे तसेच होते.
फुंकरही.

पावतीवर एक रकाना असतो: घट.
तीन किलो. साडेचार किलो.
त्यावर सही होते, पुढं कुणी विचारत नाही.

परवा मी दुकानातून पाकीट आणलं,
चकचकीत, एक किलोचं, पाठीवर भिवंडीचा पत्ता.
मायनं ते ताटात ओतलं
आणि सवयीनं पाखडायला घेतलं.
काहीच उडालं नाही.
पुन्हा एकदा झटकलं. खडा नाही, टरफल नाही.
सूप बाजूला ठेवून ती जरा वेळ
रिकाम्या हातांकडं बघत बसली.
कुकरची तिसरी शिट्टी झाली, झाकण निघालं.
"सगळी एकदमच गळली की गं,"
तक्रार केल्यासारखी म्हणाली,
"कुठल्या गावची हाय, तेबी कळंना."

आज सकाळी आळंदहून शिवशरणप्पा आला,
ट्रकभर तूर, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला.
काट्यावर गाडी थांबली तशी
त्या कोपऱ्यातून बारीक धार लागली,
नळ नीट बंद न केल्यासारखी.
पलीकडं भिंतीच्या सावलीत
एक पोरसवदा बाई सूप घेऊन उभी होती.
पुढं येत नव्हती, मागं जात नव्हती.
शिवशरणप्पा चिंधी शोधायला
केबिनच्या पायरीवरनं खाली उतरायला लागला.
"थांबा जरा," मी म्हटलं,
"आकडा अजून हलतोय."

आकडा कधीचाच थांबला होता.
मी खिडकीची काच ओढून घेतली
आणि कागदाचं रोल बदलायला लागले,
ते निम्मं शिल्लक असताना.