बत्तिसावी विहीर

युफेमियो मीटरमध्ये बोलत नाही.
खांद्याशी तळवा आडवा धरतो:
"इथवर काळी माती. कुदळ हसत जाते.
मग वीतभर पांढरे खडे.
पाणी लागलं की बादलीत तरंगतात,
पोरं त्यांनी टाचा घासतात."

आम्पारो वहीत लिहिते: प्युमिस, एकवीस सेंटिमीटर.
टेपचं दुसरं टोक माझ्याकडे.

त्याने एकतीस विहिरी खणल्या,
एकतीस वेळा हा डोंगर
शेवटच्या पानापासून मागे वाचला.
वर अबाकाची शेतं, त्यावर रान, रानावर ढग.
शिखर मला नऊ दिवसांत एकदाच दिसलं,
तेही न्हाणीच्या फटीतून, अंगाला साबण असताना.

सरकारी यादीत डोंगराच्या नावापुढे
उद्रेकाच्या रकान्यात आडवी रेघ.
गलबतांतून पाद्री आले तेव्हा इथे झाडं होती,
त्यांनी झाडं लिहिली.

खड्यांखाली पुन्हा माती, तांबूस.
"ही उसंत," आम्पारो म्हणते.
"राखेची माती व्हायला कितीतरी आयुष्यं जातात."
युफेमियो चिमूटभर जिभेवर ठेवतो.
"रताळी लावली असती कुणी, तर आली असती."

मग गोटे, चिखलात कालवून ओतलेले,
हत्तीएवढे नि बोराएवढे शेजारीशेजारी.
मग पुन्हा राख, पिठासारखी, मुठीत न राहणारी.

आणि सात हातांवर कोळसा.
आख्खे ओंडके, सालीच्या सुरकुत्यांसकट.
नऊ विहिरींत लागला,
नऊही ठिकाणी बुंधा डोंगराकडे,
शेंडा समुद्राकडे.

"पळत होती," युफेमियो म्हणतो.

आम्पारो त्याला दुरुस्त करत नाही.
चांदीच्या कागदात एक तुकडा गुंडाळते,
बाळाचं जावळ जपून ठेवावं तसा,
वर तारीख घालते. आजची.
त्याची तारीख प्रयोगशाळा सांगेल,
पन्नास-साठ वर्षं इकडेतिकडे.

"आणि कोळशाखाली?"
"खडक. तिथे माझी दोन कुदळी गेली.
पण फटीतून पाणी येतं, गोड.
वरच्या तिठ्यावरच्या विहिरीत जरा कोमट."

पेन थांबतं.
"कोमट म्हणजे किती? कधीपासून?"

तो आठवतो. खरंच आठवतो,
कपाळावरची माती आणखी पसरवत.
"ते बायकोला विचारा.
भात लवकर शिजतो म्हणाली होती
मागच्या कापणीला."

मग दोर खांद्यावर टाकून निघतो.
बत्तिसावी विहीर शाळेमागे आहे,
उजेड आहे तोवर
हातभर तरी खाली जायला हवं.