अंबूचा उपास

रविवारी रात्री साडेनऊला
धनकवडीच्या ह्या दोन खोल्यांत
आम्ही दोघी जेवायला बसतो.
म्हणजे मी बसते.
अंबू काचेच्या पेटीत, नारळाच्या भुश्शावर,
करवंटीच्या तोंडाशी आठ पाय आवरून
बसलेलीच आहे, गेल्या रविवारपासून.

खासनीसकाकूंनी करारात लिहून घेतलंय :
कुत्रं नको, मांजर नको, अंडं-मच्छी नको.
तळहाताएवढ्या केसाळ कोळिणीबद्दल
चकार शब्द नाही.
मीही काढला नाही.

तिचा किराणा नाना पेठेतून येतो.
पक्षीवाले शेख चाचा वीस रातकिडे मोजून
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरतात,
झाकणाला दाभणानं भोकं पाडतात
आणि दर खेपेला विचारतात, "मैनेला का, ताई?"
दर खेपेला मी हो म्हणते.

मग त्या वीस जणांना मी जेवू घालते.
गाजराची चकती, काकडीची साल,
ओल्या कापसाचा बोळा, चिमूटभर कणीक.
त्यांच्या पोटात जे, ते उद्या तिच्या पोटात,
म्हणून गाजर धुऊन, पुसून, पातळ चिरते.
स्वतःसाठी मी इतकं निगुतीनं
कधी चिरलेलं नाही.

चिमट्यानं एकाला उचलायचं.
कुणाला, ते ठरवायला नको म्हणून मी बघत नाही,
पण हात बघतो.
हात नेमका लंगड्याकडे जातो,
नाहीतर मिशी तुटलेल्याकडे.
तेवढ्यापुरता मला माझा हात आवडत नाही.

पाच रविवार झाले, मी वाढतेय,
ती पाय मागे घेतेय.
पोटावरचं टक्कल काळं, चकचकीत झालंय :
कात टाकायची आहे बाईसाहेबांना.
उपास म्हणजे उपास.
आपल्यासारखं एकादशी अन् दुप्पट खाशी नाही,
ना साबुदाणा, ना वऱ्याचे तांदूळ,
झाकणातलं पाणी तेवढं.

अशा वेळी किडा पेटीत विसरायचा नसतो.
ती उताणी पडून
अंगातून अंग सोडवत असते,
दातसुद्धा नवे, ओल्या खोबऱ्यासारखे मऊ,
आणि भुकेला रातकिडा
तिलाच कुरतडायला लागतो.
ताटातलं, जेवणाऱ्याला.

तर काल तो परत काढताना निसटला.
ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून फ्रिजमागे.
आणि दिवे घालवल्यावर
किर्र सुरू झालं, ते पहाटेपर्यंत.

सकाळी जिन्यात काकू.
"तुमच्याकडे रातकिडा शिरलाय का हो?"
मी खोटं जुळवतच होते,
तेवढ्यात त्याच म्हणाल्या,
"असू दे. हाकलू नका.
ह्यांना काल झोप लागली.
तीस वर्षं टेलिफोन खात्यात रात्रपाळी,
कानाशी काही वाजत नसलं की
नुसते छताकडे बघत पडतात."

आता फ्रिजखाली एक चकती सरकवून ठेवते.
अंबूला कान नाहीत,
ती पायांवरच्या केसांनी ऐकते म्हणे.
रात्री पाणी प्यायला उठले तर
तिनं पुढचा एक पाय
फ्रिजच्या दिशेनं किंचित उचललेला.
ही भूक, की नुसतं ऐकणं,
अंधारात कळत नाही.

कात टाकली की पंधरा दिवसांनी
पंगत पुन्हा बसेल.
डब्यात तेरा उरलेत.
फ्रिजमागचा
मी धरत नाही.