चाळीस वाव

ओरोसच्या कोर्टात सात वर्षं तारखा घेतल्यावर
लवू जुवाटकर आणि पास्कू फर्नांडिस
दांडीवरच्या बर्फाच्या कारखान्यात माझ्याकडे आले.
वेगवेगळ्या दारांनी.

लवाद म्हणून मीच का, तर
दोघांची बर्फाची बिलं तीस वर्षं मी लिहिली.
उधारी कोण ठेवतो, लाद्या मोजताना कोण मुद्दाम खोकतो,
मला ठाऊक. आणि मला ठाऊक आहे
हे त्या दोघांना.
कागद झाला: बाई देईल तो निवाडा मान्य.
पास्कूने तो लादीवरच टेकवून सही केली,
ती खालून भिजली, फुगली, तशीच ठेवली.

भांडण चाळीस वाव जाळ्याचं.
अमावस्येच्या रात्री ट्रॉलरच्या पंख्यात गेलेलं.
"बोयावर बत्ती पेटती होती," लवू.
"माका दिसाक नाय," पास्कू.
एवढीच दोन वाक्यं
वकिलांनी सत्तर पानं लांबवलेली.

पानं मी टेबलाखाली ठेवली.
लवूला विचारलं, बत्तीत सेल कधी घातलेलेस?
तो गप्प. मागे कॉम्प्रेसर धडधडत होता.
पास्कूला विचारलं, तू त्या रात्री किती पाण्यात होतास?
तो माझ्या चपलांकडे बघत राहिला.

हे तिथेही कुणीतरी विचारलंच असेल.
पण तिथे उत्तर देणारा हरतो.

पंचवीस वावांचे पैसे पास्कूने द्यायचे, दोन हंगामांत.
पंधरा वाव विझलेल्या बत्तीच्या नावावर.
वकिलांची फी ज्याची त्याने गिळायची.

"बाये, माजे पंधरा वाव खाल्लस," लवू म्हणाला.
पास्कू काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

रात्री मी परत मोजत बसले.
पंधरा की बारा? अठरा तर नव्हेत?
कोर्टाच्या वर कोर्ट असतं.
माझ्या वर नुसती कौलं.

त्या वर्षी दोघांपैकी एकाच्याही घरून
मासळीचा वाटा आला नाही.
बाजारात उभी राहून बांगडे घेतले,
घासाघीस न करता.

नारळीपौर्णिमेनंतर एका रात्री किनाऱ्यावरून बघितलं:
लवूच्या बोयांवर नव्या बत्त्या, हिरव्या,
लागतात त्याहून दोन जास्तच.
आणि पास्कूचा ट्रॉलर त्यांना वळसा घालून चाललेला,
घालायला हवा त्याहून खूप मोठा.

रागाने घातला की सांभाळून,
ते काही निवाड्यात नव्हतं.