आठ व्हॉल्व्ह

पिंटो गार्ड लेकीकडे पर्थला गेले
आणि जाताना दारातली दोन सीटांची विलायती गाडी
ह्यांच्या गळ्यात घालून गेले.
टप नाही, एक दार सुतळीने बांधलेलं,
लाल रंग कांद्याच्या सालीसारखा सुटलेला,
इंजिन जाम.
चौतीस वर्षं भुसावळच्या शेडमध्ये इंजिनं खोलली ह्यांनी.
रिटायर होऊन काय केलं म्हणाल,
तर एक इंजिन खोललं.
माझ्या स्वयंपाकघरात.

केळीच्या क्रेटमध्ये क्रँकशाफ्ट, जुन्या धोतरात गुंडाळलेला.
पिस्टन ओट्याखाली, डोक्यावर खडूचे आकडे.
रिंगा माझ्या बांगड्यांच्या स्टँडवर,
बांगड्या कुठे गेल्या ते विचारू नका.
सावद्याचे व्याही आले, ते पायपुसणं समजून
नव्या गॅस्केटवर उभे राहिले.
ह्यांनी त्यांना पाणीही विचारलं नाही.

झोपेत बोलतात: एक, तीन, चार, दोन.
सकाळी विचारलं, दोन नंबर मागे काबरं?
म्हणाले, आगीची पाळी तशीच असते, त्याची शेवटी.
आम्ही चार बहिणी, मी दुसरी,
पंगतीला शेवटी बसणारी.
मला ते लगेच कळलं.

मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर गेला.
गल्लीत कुत्रंसुद्धा नाही,
आणि हे गच्चीवर, डोक्याला ओला पंचा,
ब्लॉक उन्हात ठेवून त्याला हात लावून बघताहेत,
ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे.
खाली मी पॉटमध्ये बर्फ, खडेमीठ,
आणि आईस्क्रीमच्या जागी चार लायनर.
"आण!" वरून हाक आली.
जिन्याच्या एकोणीस पायऱ्या, चार खेपा.
गार लोखंड तापलेल्या लोखंडात
हातोडी न लावता उतरलं,
लोण्यात बोट जावं तसं.
इतक्या वर्षांत भुसावळच्या उन्हाने
आमचं केलेलं हे एवढं एकच काम.

मग व्हॉल्व्ह.
काठीला रबराची वाटी, वाटीला चिकटलेला व्हॉल्व्ह,
खाली वाळूची पेस्ट,
दोन्ही तळव्यांत काठी धरून फिरवायची.
ह्यांचा हात आता कापतो.
कापतो हे ते बोलत नाहीत, चष्म्याला नावं ठेवतात.
पहिल्या व्हॉल्व्हला तीन दिवस गेले,
रॉकेल ओतलं की तरी पाझर.
मी भाकरीचं पीठ झाकून ठेवलं आणि म्हटलं, सरका.
अहो, ही तर रवी!
लग्नाआधीपासून फिरवतेय.
आधी खरखर, मग चरचर,
मग आवाज एकदम मऊ पडतो,
लोणी वर यायच्या वेळी पडतो तसा.
तिथे थांबायचं. एकही फेरा जास्त नाही.
आठ व्हॉल्व्ह, दोन दुपारी.
रात्रभर रॉकेल भरून ठेवलं,
सकाळी खाली थेंब नाही.
ह्यांनी बोट फिरवून पाहिलं, परत फिरवलं,
मग शेडमधल्या साहेबासारखं म्हणाले,
"पास."
पन्नास वर्षांच्या संसारात
माझ्या भरितालाही कधी म्हणाले नव्हते.

परवा चालू केलं.
गाडीत नाही, गाडी अजून विटांवर आहे.
मागच्या पडवीत, स्लीपरच्या लाकडी घोडीवर,
खिळ्याला टांगलेल्या सलाईनच्या बाटलीतून पेट्रोल.
समोरचा हर्षल भोळे हँडल मारून मारून घामाघूम.
एकदा शिंकलं.
एकदा भिंतीवर काळं थुंकलं.
मग धरलं.
फडताळातल्या ताटल्या वाजायला लागल्या,
शेजारच्या गच्चीवर बायका आल्या,
आणि हे काहीच न बोलता
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून उभे.
मग तीच मूठ त्यांनी माझ्या कानाला लावली.
आत टकटक, आठही, आपापल्या पाळीने.
मी माझे ओळखायला बघत होते
तेवढ्यात ह्यांनी बंद केलं.
"काबरं?"
"पाणी नाही त्यात. तापेल."

दोनच सीटा का केल्या असतील त्या लोकांनी,
पोरं पुण्याला गेली हे त्यांना काय ठाऊक?
ते राहू द्या.
हात पेस्टीने अजून काळे आहेत, चिंचेनेही निघत नाही.
मी कळशी भरायला उठले.