पेव

अण्णा विचारतात, "दिल्लीत नेमकं करतीस काय गं तू?"
मी म्हणते, कायद्यांचे मसुदे वाचते.
"म्हंजे वकील?" नाही.
"कंप्युटरवाली?" तशीही नाही.
मग ते हरिपूरच्या पारावर
"पोरगी सरकारात हाय" सांगून मोकळे होतात
आणि मी ते दुरुस्त करत नाही.
अठरा वर्षं झाली.

आत्ता पायरीवर बसलेय, मांडीवर लॅपटॉप,
एकशे बारा पानांचा मसुदा,
हरकती कळवायला उरलेले नऊ दिवस.
कलम सात: संमती.
त्यापुढे तीन शब्द, सभ्य, इस्त्रीचे,
"गृहीत धरली जाईल."

कॉलेज कॉर्नरला रिचार्जच्या दुकानात एक वही होती,
दोऱ्याला पेन बांधलेली.
आम्ही नंबर लिहायचो, ठळक, आकडा चुकू नये म्हणून.
पद्मल साताला मधे आडवी रेघ मारायची.
ते पान कुणीतरी उतरवून घेतलं, पन्नास रुपयांना.
रात्री आधी मिस्ड कॉल, मग आवाज,
मग आवाजांना तिचं नावही कळलं.
भावांनी तिचा फोन काढून घेतला.
मग कॉलेज.
वही तिथंच राहिली. पेनसुद्धा.

माझ्या नोकरीची जाहिरात कुठल्याच पेपरात आली नव्हती.
मी त्या वहीपासून चालत निघाले.

समित्यांत थंड पाणी असतं, खारे बदाम असतात,
आणि एक तरी साहेब असतातच:
"मॅडम, लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?"
मला यार्डातला सौदा आठवतो.
रुमालाखाली दोन हात,
बोटांनी बोटांना सांगितलेला भाव,
भोवती अख्खा बाजार बघत उभा
आणि कुणाला काही दिसत नाही.
हे मी एकदा अण्णांना कौतुकानं ऐकवलं.
ते हसले नाहीत.
"त्याच रुमालाखाली शेतकऱ्याला बुडवलाय आम्ही," म्हणाले,
"रुमाल कुणाचा, ते बघ आधी."
त्या वर्षी मी माझं अर्धं टिपण फाडलं.

सकाळी जाधवांचं पेव उघडायचंय.
आता फार उरली नाहीत, पाच सालच्या पुरानं बरीच नेली.
वरून नुसती जमीन. पोरं तिच्यावर क्रिकेट खेळतात.
कुणाचं पेव कुठं, ते अण्णांच्या डोक्यात.
क्लासेसचं पेव फुटलं, ॲपचं पेव फुटलं,
असं आपण सगळेच लिहितो.
पण पेव फुटत नाही हो,
ते उघडतात. बेतानं.
माती बाजूला, मग पाला,
मग सगळे चार पावलं मागं.

आतून वर्षभराचा कोंडलेला वास येतो,
गोड, जड, घसा धरणारा.
अण्णा दोरीला कंदील बांधून खाली सोडतात.
हात-दोन हात पिवळा उजेड,
मग अंधार.
"थांबा."
जाधवांचा मुलगा घड्याळ बघतो, "अण्णा, ट्रक उभाय."
"उभा राहू दे."

फोन थरथरतो. दिल्लीहून तन्वीर.
"कलम सातवर जरा मऊ लिहिता येईल का?
वरच्यांना घाई आहे."
मी म्हणते, इथं एक कंदील विझलाय, नंतर बोलते.
त्याला वाटतं वीज गेली.

दीड तास जातो. कुणीतरी चहा आणतं, कप कमी पडतात.
दुसऱ्यांदा कंदील.
ज्योत लवते, बारीक होते,
राहते.

बाळू कमरेला दोर बांधतो, काठावर बसतो,
पाय आत सोडतो.
तीस वर्षं तो हेच करतोय
तरी मान वर करून विचारतो,
"अण्णा, उतरू?"
आणि अण्णा, तीस वर्षं त्यालाच उतरवणारे,
लगेच हो म्हणत नाहीत.
त्याच्याकडे बघतात. "तुला बरं वाटतंय न्हवं?"

पहिली पाटी वर येते. मी हात लावून बघते,
मग पुन्हा पायरीवर, कलम सात.
गृहीत. धरली. जाईल.
खोडायची कळ
पिवळी होत जाते.